बोदलकसावाली काकीचे रडणे

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेले नाही. मी कॉलेजात आलो म्हणजे मला लिहिता येत असणार, असे गावात समजतात. ते खरे नाही. अंकासाठी काहीतरी द्या असे सर म्हणाले, तेव्हा मी कागद घेऊन बसलो आणि तसाच उठलो. ज्या बाईबद्दल लिहायचे मनात आहे तिला हे कधी वाचता येणार नाही. कोणी वाचून दाखवले तर ती म्हणेल, "एवढं कायले लिवलं गा? कामधंदा नाई का तुले?" तरीही लिहितो. कुठे चुकले तर सांभाळून घ्यावे.

आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. ती बोदलकशाची, म्हणून बोदलकसावाली. आमच्या शेजारी राहायची आणि लांबच्या नात्याने माझी काकी लागायची. तिचे खरे नाव मला ठाऊक नव्हते. गोंदियाच्या दवाखान्यात नाव सांगायची वेळ आली तेव्हा मी काकाजींकडे पाहिले. काकाजींनी जन्मात बायकोचे नाव घेतले नव्हते. ते खिडकीबाहेर पाहू लागले. शेवटी काकीनेच लाजत सांगितले. लिहून घेणाऱ्याला ते ऐकू आले नाही, आणि तिने दुसऱ्यांदा सांगितले नाही.

पण गावात तिची खरी ओळख होती ती तिच्या रडण्याची. आमच्या भागात बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या बायका आधी रडतात, मग बोलतात. पाहुणी दारात आली की तिच्या पायांवर पाणी घालायचे, आणि मग दोघींनी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून हेल काढून रडायचे. ह्याला आम्ही नुसते 'भेटणे' म्हणतो. दुःख असावेच लागते असे नाही. न भेटता सरळ 'ये, बस' म्हटले, तर त्या घरात काहीतरी बिनसले आहे असे समजावे. इतर बायका भेटताना दोन हुंदके देत. काकी रडू लागली की रस्त्याने जाणारा माणूस थांबत असे.

कारण ती शब्दांनी रडायची, आणि त्या शब्दांत साऱ्या पंचक्रोशीच्या बातम्या असत. "अवो माही बाई वो, तुही गाय व्याली तं मले सांगतलं नाई वो! तुह्या देरानं वाटणी घेतली वो, मी कोणाच्या तोंडानं आयकू वो!" असे तिचे चाले. आतल्या घरात ही भेट चालू असताना बाहेर छपरीत पुरुष मंडळी कान देऊन बसत. कोणी उठू लागले की काकाजी म्हणत, "थांबा गा. आता धानाच्या भावावर येऊन राहिली." मग आतला आवाज एकदम बंद होई. काकी पदराने तोंड पुसून अगदी कोरड्या आवाजात विचारी, "चाय ठेवू का?" एवढे रडून तिचा आवाज जराही बसलेला नसे.

तिचे डोळे बिघडल्याचे आम्हाला कळले तेही ह्या भेटण्यामुळेच. तिरोड्याच्या बाजारात तिला माहेरची चुलत बहीण दिसली. तिने टोपली खाली ठेवली, धावत जाऊन गळ्यात हात टाकले आणि सुरुवात केली. ती बाईही तितक्याच जोराने रडू लागली. दोघी भर बाजारात पुष्कळ वेळ रडल्या. डोळे पुसून विचारपूस सुरू झाली तेव्हा कळले, की ती बाई गोरेगावकडची आहे आणि तिचा बोदलकशाशी काही संबंध नाही. काकी म्हणाली, "मंग तू कायले रडली वो?" ती म्हणाली, "तुमी रडल्या. मी का उभी राहू?" दोघी हसल्या. "आता रडली तं नातं झालं," असे म्हणून काकीने तिला घरी जेवायला आणले. गावाने ही गोष्ट महिनाभर पुरवली. काकाजी मात्र त्या रात्री जेवताना एवढेच म्हणाले, "हिले माणूस दिसून नाई राहिला."

डोळे तिचे आधीपासूनच अधूनमधून लाल होत. उजेड सहन होत नसे. अशा दिवसांत ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची आणि कपाळावरून हिरवे फडके डोळ्यांपुढे सोडायची. चारआठ दिवसांनी बरे वाटले की फडके सुटे. त्याला कोणी दुखणे म्हटले नाही. ह्या वेळी मात्र बाहुलीत पांढुरके दिसू लागले होते. मी तेव्हा गोंदियाला कॉलेजात होतो आणि एका राइस मिलच्या मागे खोली घेऊन राहत होतो. दवाखाना दाखवणारा आणि डॉक्टरशी हिंदीत बोलू शकणारा असा मीच, म्हणून काकाजी तिला माझ्याकडे घेऊन आले.

डॉक्टर वयस्क होते, शांत होते. अंधाऱ्या खोलीत दिव्याने पुष्कळ वेळ दोन्ही डोळे पाहून ते म्हणाले, "अम्मा, मोतिया तो है. मगर अंदर सूजन भी है, पुरानी. सूजन वाली आंख मैं नहीं काटूंगा. काटी तो आंख जाएगी." आधी दवा घालून सूज घालवायची. मग कित्येक महिने डोळा अजिबात लाल होता कामा नये. तो तसा शांत राहिला तर ते मोतीबिंदू काढतील. मध्ये एकदा जरी लाल झाला, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मी हे सर्व काकीला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "साऱ्या जगाचा मोतीबिंदू काढतात, माहाच काऊन नाई?" तिला ते मनाला लागले होते.

दोन बाटल्या दिल्या होत्या. एक सुजेसाठी, दुसरी बाहुली मोठी करण्यासाठी. त्या तिने देव्हाऱ्यात ठेवल्या. पुढे आमच्या गल्लीत डोळे येण्याची साथ आली. घरात डोळ्यांची दवाई असताना शेजारच्या लेकराला नाही कसे म्हणायचे, असा तिचा सरळ विचार. तिने दाराशी बसून येईल त्या पोराच्या डोळ्यात थेंब घातले. त्या बाहुली मोठी करणाऱ्या दवाईने गल्लीतली पोरे उन्हात डोळे मिटून चालू लागली. शाळेत त्यांना पुस्तकातले अक्षर दिसेना, आणि अभ्यास चुकवायचे सोंग म्हणून गुरुजींनी त्यांना बाकावर उभे केले. डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा ते आधी रागावले, मग तोंड फिरवून हसले. पण तोवर बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि काकीचे डोळे लाल होते. मोजणी पहिल्यापासून सुरू झाली.

त्याच खेपेला एक गोष्ट घडली. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. समोर ज्यांचे डोळे कापले होते त्यांची खोली होती. माणसे उताणी निजलेली, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. त्यातली एक बाई घरच्या आठवणीने रडू लागली. नर्स धावत आली आणि ओरडली, "रोना नहीं! रोओगी तो टांका टूटेगा, आंख बह जाएगी!" काकीने ते ऐकले. ती मला म्हणाली, "का म्हणते ते?" मी सांगितले. परतताना स्टेशनवर काकाजींनी थट्टेत म्हटले, "आता कळलं का? रडू रडू डोळे घालवले तुनं." ते त्यांचे नेहमीचे बोलणे होते. गावातही लोक तसेच म्हणत. पण त्या दिवशी ती त्यांना उलट बोलली नाही.

तेव्हापासून तिने रडणे सोडले. कापायच्या आधीचे रडणे आणि कापल्यानंतरचे रडणे ह्यात फरक आहे, हे तिला पटले नाही. मी डॉक्टरांना मुद्दाम विचारून आलो होतो. ह्या सुजेचा आणि रडण्याचा काही संबंध नाही, असे ते म्हणाले. मी काकीला तसे सांगितले. ती म्हणाली, "डॉक्टर पुरुष हाय गा. त्याले रडाचं का मालूम? माह्या डोयाले माहीत हाय." मी पुन्हा सांगितले. ती म्हणाली, "तू शिक. मी माहा डोया पाहातो."

तिची एकुलती मुलगी सेवंता दिवाळीला आली. मी तेव्हा घरी होतो. बैलगाडीतून उतरून ती दारात आली, आणि काकीने तिच्या पायांवर पाणी घातले. सेवंताने हात पुढे केले. काकी बाजूला झाली आणि म्हणाली, "ये. बस." सेवंता तशीच उभी राहिली, ओल्या पायांनी. मग ती एकटीच उंबऱ्याशी रडू लागली. एकटीने भेटताना मी कोणाला पाहिले नव्हते. आजूबाजूच्या बायका आपापल्या घरात निघून गेल्या. काकी चुलीपाशी जाऊन बसली होती.

"माय, माहं का चुकलं वो?" सेवंता विचारत होती.

"काई नाई चुकलं. डोया होऊ दे, मंग भेटू."

"डोया अन् भेटीचा का संबंध? सासू इचारन, माय भेटली का, तं मी का सांगू?"

"सांगजो, भेटली."

मी सेवंताला दवाखान्यातले सारे समजावले. तिने ऐकले, पण भाऊबीज होताच ती निघून गेली. आमच्याकडे ते बोलून कळण्यासारखे नसते.

पुढचे महिने मला नीट सांगता येणार नाहीत, कारण त्यांत काही घडले नाही. काकी थेंब घालायची. हिरवे फडके डोळ्यांपुढे असे. भेटायला येणाऱ्या बायका कमी झाल्या. आली एखादी, तर काकी पाणी घालून सरळ बोलायला बसे, आणि ती बाई लवकर उठे. छपरीतही पुरुष येईनासे झाले. काकाजी एकदा मला म्हणाले, "घर कसं सुनं सुनं लागून राहिलं गा." काकीने ते आतून ऐकले असेल. डॉक्टर दर खेपेला दिवा लावून पाहत आणि म्हणत, "ठीक है. और रुकेंगे." ती घरी येऊन कोणाला काही सांगत नसे. दिसणे कमी होत चालले होते. तांदळातले खडे ती बोटांनी चाचपून काढी. शेवटी एका खेपेला डॉक्टर म्हणाले, की आता पुढच्या वेळी भरती करून घेऊ, तयारीनेच या. पोळा झाल्यावर यायचे ठरले.

पोळ्याच्या आधीच काकाजी गेले. ताप आला. धानाची रोवणी म्हणजे लावणी झालेली होती, निंदण चालू होते. ताप असूनही ते बांधीतल्या चिखलात उतरले, आणि नंतर उठलेच नाहीत. निरोप मिळून मी पोचलो तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. बोदलकशाहून तिच्या भावजया आल्या होत्या. एकेक बाई येई आणि काकीच्या गळ्यात पडून रडे. काकी तिच्या पाठीवर हात ठेवी. तिचे डोळे कोरडे होते. ती समोर पाहत होती, पण त्या डोळ्यांना दिसत काही नव्हते.

सेवंता आली. ती आईला हलवत होती. "माय, रड ना वो. एकदा रड. बाबा गेले ना वो."

"मले समजते," काकी म्हणाली.

मागून कोणीतरी दगड हा शब्द उच्चारला. कोणी ते मला सांगता येईल, पण सांगत नाही. काकीलाही ऐकू गेले. ती उठून आत गेली आणि तिने देव्हाऱ्यातली बाटली आणून मला दिली. थेंबाची वेळ झाली होती. मी थेंब घातले. अंगणात सारे पाहत होते.

तेरवी झाल्यावर ठरल्याप्रमाणे मी तिला गोंदियाला घेऊन गेलो. सेवंता बरोबर आली नाही. काकीने एका पिशवीत लुगडे, तांब्या आणि थोडे पोहे बांधून घेतले होते, कारण ह्या वेळी राहायचे होते. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे दिवा लावला. पहिला डोळा पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला. मग ते स्टुलावर मागे सरकले.

"सूजन फिर आ गई है," ते म्हणाले.

मी काकीला सांगायच्या आधीच तिला समजले होते. ती म्हणाली, "मी रडली नाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले.

"त्याले सांग, मी रडली नाई. घरचा माणूस गेला तई नाई रडली."

मी हिंदीत सांगितले. सांगताना माझा शब्द अडखळला नाही, ह्याचे मला नंतर नवल वाटले. डॉक्टरांनी दिवा बंद केला. मग हळू आवाजात म्हणाले, "अम्मा, इसका रोने से कोई वास्ता नहीं. ये बीमारी अपने आप आती है. आपने कोई गलती नहीं की. आपको रो लेना चाहिए था." त्यांनी नवी दवा लिहून दिली आणि सूज उतरली की पुन्हा महिने मोजू, असे सांगितले.

स्टेशनवर आम्ही पाण्याच्या नळापाशी बसलो. गाडीला अवकाश होता. आता तरी ती रडेल असे मला वाटत होते, आणि ती रडली तर मी काय करावे तेही सुचत नव्हते. तिने पोह्यांची पुरचुंडी सोडून माझ्यापुढे केली. "खा. भुकेला असशीन." मी खाऊ लागलो. ती म्हणाली, "आता रडू येत नाई गा. मघा पाहून घेतलं म्या. आतून काई येतच नाई." विहिरीतल्या पाण्याबद्दल बोलावे तसे ती बोलत होती. मग तिने विचारले, "गाडी केव्हाची हाय?"

त्यानंतर पुढच्या शिक्षणासाठी माझे नागपूरला जायचे ठरले. निघण्याआधी मी तिला सांगायला गेलो. ती सूप घेऊन बसली होती. मी आल्याचे तिला चपलांच्या आवाजावरून कळले. म्हणाली, "निघाला का कालेजवाले?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "सेवंताले दिवस गेले हायत. पहिलं लेकरू. डोयानं पाहाले भेटलं पाहिजे." मी म्हणालो, दवा घालत रहा, मी दिवाळीला आलो की डॉक्टरांकडे जाऊ. ती तांदूळ पाखडत राहिली. "त्यानं पुन्हा थांबा म्हणलं, तं थांबाचं. पुन्हा लाल झाला, तं पुन्हा थांबाचं. माह्याच्यानं नाई होत गा आता ते थांबणं." थंडीत तिरोड्याला शाळेत डोळ्यांचे शिबिर भरते, तिथे सकाळी नेतात आणि संध्याकाळपर्यंत कापतात, असे कोणीतरी तिला सांगितले होते. मी म्हणालो, "काकी, तिथं जायचं नाही. सुजेच्या डोळ्याला हात लावला तर डोळा जाईल, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं आहे." ती म्हणाली, "हो गा. आयकलं मी." मला वाटले, तिला पटले.

दिवाळीला मला जाता आले नाही. खोलीचे भाडे आणि शिकवण्या ह्यांत राहून गेले. गावाकडून पत्र लिहिण्यासारखे कोणी नव्हते.

माघात एक दिवस इतवारी स्टेशनबाहेर डोमाजी भेटला. तो आमच्याच गावचा, गाडीवान. मेहुण्याच्या कामासाठी नागपूरला आला होता आणि परत निघाला होता. गावाकडचे सारे त्याने सांगितले. धान बरे झाले होते. आमच्या घरी सगळे ठीक होते. सेवंताला मुलगा झाला होता. मी काकीचे विचारले.

"तिचं तुले नाई कळलं का?" तो म्हणाला. "शिबिरात गेली ना ते. माह्याच गाडीनं नेलं तिले. एक डोया कापला. पट्टी सोडली तं त्या डोयात काईच नाई. पिकला म्हणते आतून. मंग दुसराई लाल झाला. आता उजेड कोणता न अंधार कोणता, तेवढंबी कळत नाई तिले. सेवंतानं नेलं तिले आपल्या घरी."

मी उभा होतो. टांगेवाले ओरडत होते. मी त्याला विचारले, तिथे तिने सांगितले नाही का, की डोळ्याला आतून सूज येते म्हणून? गोंदियाच्या डॉक्टरने नको म्हटले होते म्हणून?

डोमाजीने बिडी विझवून कानावर ठेवली. त्याची गाडी लागली होती.

"म्याबी तेच म्हणलं तिले रस्त्यानं. सांगजो म्हणलं. तं म्हणे, सांगतलं तं ते कापतीन का?"